मंगळवारचं पत्र

माझे घरमालक ताता सैन्यात नक्की काय होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मला ते म्हणाले होते, ट्रक चालवायचो. त्यांच्या मुलाला लहानपणी सांगितलं होतं की टेलिफोनच्या तारा ओढायचो. नातीला सांगितलं होतं की साठ माणसांचं सांबार एकटा करायचो. मी एकदा तिघांना एकत्र बसवून म्हटलं, अहो, यातलं खरं काय? ताता मख्खपणे म्हणाले, "अस्की खरें." अस्की म्हणजे सगळं. त्यांच्या मराठीत सगळ्याला अस्की म्हणतात. पुढे विचारायची सोयच ठेवत नसत.

मी सांगलीची. बँकेने मला कुंभकोणमला टाकलं तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. शाखेतल्या एकाने सांगितलं, मेलकावेरीत एक घर आहे, ते लोक तुमचीच भाषा बोलतात, माडी रिकामी आहे. म्हटलं, देव पावला! गेले तर ओट्यावर ऐंशी उलटलेले एक गृहस्थ ताठ बसलेले, पांढरी बनियन, लुंगीला इस्त्री. हो, लुंगीला इस्त्री! मी नमस्कार करून माझ्या मते उत्तम मराठीत घर बघायचं आहे म्हणून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाये, तुमची मराठी फार बिघडली आहे."

माझी! तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज तंजावरला आले ते आलेच, मागे वळून पाहिलं नाही, आणि बिघडली ती आमची! त्यांचं बोलणं म्हणजे बखरीचं पान उघडून मध्ये चार तमिळ शब्द पेरावेत असं. अर्धं कळायचं, अर्ध्याला मी मान हलवायची. मान हलवता हलवता मी माडी घेऊन बसले. सांगलीची म्हणून कितीदा सांगितलं, पण शेवटपर्यंत मी त्या घरात 'पुण्याची बाई'च राहिले. त्यांच्या लेखी महाराष्ट्रात पुणं एवढं एकच गाव होतं.

सगळी गल्ली त्यांना मिलिटरी ताता म्हणायची, म्हणजे मिलिटरीतले आजोबा. पण मिलिटरी त्यांनी लावली ती घरावर. पहाटे उठून कॉफी ते स्वतः करत, आणि पितळी पेला प्रत्येकाच्या उशाशी नेऊन ठेवत. आधी आजींना, मग सुनेला, मग नातीला, शेवटी मुलाला. मुलगा एकदा म्हणाला, अप्पा, मी शेवटी का? तर म्हणे, "जवान आहेस. बायकामाणसें आधी." जवान तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. दर शनिवारी घरातल्या सगळ्यांच्या चपला ओट्यावर एका ओळीत मांडून पॉलिश व्हायच्या. माझ्यासुद्धा. मी लाजेने अर्धमेली व्हायचे, पण माझ्या चपला इतक्या चकचकीत आयुष्यात कधी नव्हत्या.

आणि गिनती, म्हणजे हजेरी. जेवायच्या आधी ताता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ओरडत, "अस्की?" सगळे हजर असतील तरच पानं वाढायची. एकदा मुलगा साक्कोट्टैला मित्राकडे अडकला, फोन लागेना. ताता वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी सायकल काढून निघाले आणि मित्राच्या घरासमोर उभं राहून घंटी वाजवत राहिले. मुलगा हातातला घास टाकून आला बिचारा. मरुदानल्लूरला भजनाला जात तेव्हाही तसंच. भजन ऐन रंगात आलं की हे घड्याळ बघून उठत. लोक म्हणत, प्रसाद तरी घ्या. हे म्हणत, घरी गिनती आहे. देवालासुद्धा वाटलं असेल, हा माणूस जरा अतीच करतो.

हे सगळं मी चालवून घेतलं. पण पत्रांचं काही केल्या डोक्यात शिरेना.

दर रविवारी आंघोळ झाली की ताता ओट्यावर बसून एक आंतर्देशीय पत्र लिहीत. डाव्या हाताचा आडोसा करून, परीक्षेत शेजारच्याला दाखवायचं नसतं तसं. मग कडा चिकटवायच्या, वर पत्त्याचा रबरी शिक्का मारायचा आणि स्वतः चालत जाऊन पेटीत टाकायचं. मंगळवारी दुपारी, मी बँकेतून जेवायला घरी यायचे त्या वेळेला, पोस्टमन ते पत्र घेऊन त्याच ओट्यावर यायचा. ताता समोर बसलेले असत, पण पत्र हातात घेत नसत. "नांव कोणाचें आहे? तिला दे." मग आतून आजी पदराला हात पुसत येत, पत्र घेत, आत जात. आणि दुपारी जेवताना ताता पानातून मान वर न करता विचारत, "पोचलें?"

आजी म्हणत, "पोचलें."

बस. एवढंच. एका घरात राहणारा नवरा त्याच घरात राहणाऱ्या बायकोला टपालाने पत्र पाठवतो! पहिल्या महिन्यात मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "रिटायर झाल्यापासून चालू आहे. आम्ही विचारत नाही." सुनेला विचारलं, ती नुसती हसली. शेवटी धीर करून तातांनाच विचारलं, की तोंडाने सांगायला काय होतं? त्यांनी आधी लुंगीची घडी नीट केली. मग म्हणाले, "तोंडानें सांगितलें तर माणसें ऐकतात, बाये."

मी माडीवर निघून गेले.

तातांची एक गोष्ट मी निदान वीसदा ऐकली असेल. लढाईच्या दिवसांत जवानांची पत्रं आधी तपासायचे. त्यांच्या छावणीतल्या एका जवानाचं पत्र तमिळ कारकुनाकडे गेलं. तो म्हणाला, साहेब, हे काही तमिळ नाही. मराठी कारकुनाकडे गेलं. तो म्हणाला, हे मराठी तर अजिबातच नाही. साहेबाला वाटलं, गुप्त भाषा! हेरच सापडला! झाली पळापळ. शेवटी दोन्ही कारकुनांना एका बाकावर बसवलं, एकाने मोठ्याने वाचलं, दुसऱ्याने ऐकून अर्थ सांगितला, तेव्हा कुठे उलगडा झाला. एवढं सांगून ताता मांडीवर थाप मारून हसत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसायचे. तो जवान यांच्यापैकीच कोणी असणार आणि त्याच्या त्या बखरी बोलीने कारकून गडबडले असणार, असं मी धरून चालले होते. माझी स्वतःचीच नव्हती का भंबेरी उडाली? पण एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, हे कशासाठी, असं मनात यायचं. विचारलं नाही. त्या घरात काय काय म्हणून विचारणार!

आजी माझ्याशी फारसं बोलत नसत. एकदाच बोलल्या. गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाळवणाचे सांडगे, घालत होतो. एकदम म्हणाल्या, "एक वर्ष ह्यांनी पत्र नाहीं घातलें."

लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. आधी दर आठवड्याला पत्र यायचं. लढाईच्या वर्षी ते थांबलं. यायचं ते पलटणीचं छापील कार्ड, 'मी खुशाल आहे' आणि खाली सही. त्याच वर्षी मुलगा झाला. आजींनी कळवलं, त्यालाही उत्तर म्हणून छापील कार्ड. "वर्षभर मी छापील नवऱ्याची बायको होतें," आजी म्हणाल्या. वर्षाने ताता आले, मुलाला खांद्यावर घेतलं ते खाली उतरवेनात, पण पत्र का घातलं नाही ते सांगितलं नाही. कामात होतो, म्हणाले.

"तुम्ही परत विचारलं नाहीत?"

"एकदां विचारलें. ते जेवतां जेवतां उठून गेले. मग नाहीं विचारलें." त्यांनी पिठाचा हात थांबवला. "कोणी दुसरी होती कीं काय, एवढेंच कळायला हवें बाये. असली तरी आतां काय करणार आहें मी? पण कळल्याशिवाय मरायला नको वाटतें."

मी म्हटलं, अहो आजी, दर रविवारी पत्र लिहिणारा माणूस! आजी म्हणाल्या, "त्यांत वेडेपणा असतो. माझी निळी साडी, माझा आवाज. तें मात्र नसतें." आणि चक्क लाजल्या. ऐंशी वर्षांची बाई, गच्चीवर उन्हात, पिठाच्या हाताने पदर ओढून घेत होती.

मग तातांचा उजवा हात थरथरायला लागला. पेन धरता येईना. डोळ्यांचंही तेच, मोतीबिंदू पिकलेले, समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचे. तीन मंगळवार पत्र आलं नाही. चौथ्या रविवारी ते कठडा धरत धरत माडी चढून माझ्या दारात आले. हातात आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा आणि तो रबरी शिक्का. "पुण्याची बाई, तुम्हांस मराठी लिहितां येतें न्हवें? मी सांगतों, तुम्हीं लिहा. दार लावा."

त्या पहिल्या रविवारी त्यांनी दोनच ओळी सांगितल्या, तब्येत बरी आहे, तू गुडघ्याला तेल लाव. मी माझ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं. शाळेत अक्षराला बक्षीस मिळालेली बाई मी! घडी घातली, शिक्का मारला, पेटीत टाकलं. मंगळवारी पत्र आलं. दुपारी मी मुद्दाम ताक द्यायच्या निमित्ताने खाली गेले.

"पोचलें?"

आजी म्हणाल्या, "हं."

पुढच्या मंगळवारीही "हं." त्यापुढच्याही. तातांचा चेहरा उतरला. मला वाटलं, मी मध्ये आले ते आजींना आवडलं नसेल. साहजिकच आहे. पण सांगणार कोण?

पाचव्या रविवारी ताता आले ते घामाघूम होऊन. बसले, उठले, दार लागलंय का ते हाताने चाचपून पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून बोलायला लागले, आणि मी लिहीत गेले. तो मजकूर मला पाठ आहे.

'त्या वर्षीं पत्र घातलें नाहीं त्याचें कारण दुसरी कोणी नव्हे. मी पुष्कळांस जी गोष्ट सांगतों तो जवान मीच. माझें पत्र त्यांस उलगडेना. मला तंबूंत उभें केलें. एक कारकून मोठ्यानें वाचीत होता, दुसरा साहेबास अर्थ सांगत होता. मी लिहिलें होतें कीं तुझ्या केंसांचा वास मला इथें झोपेंत येतो. तें त्यानें दोनदां वाचलें, कारण दुसऱ्यास नीट ऐकूं आलें नाहीं. कोणी हंसलें नाहीं. हंसले असते तर बरें होतें. मग लिहायला बसलें कीं मला त्याचाच आवाज ऐकूं येई. काय झालें तें तुला कळवावें तर तेंही ते वाचणार. घरीं आल्यावर सांगावें तर तीन पुरुषांनीं तुझे केंस ऐकले म्हणून तूं लाजेनें मरशील. म्हणून नाहीं सांगितलें. मुलगा झाल्याचें तुझें पत्र मी खिशांत ठेवून वर्षभर हिंडलों. चुकलों. क्षमा कर.'

लिहिताना मला रडू फुटलं. ताता मात्र उठले, बनियन सरळ केली आणि म्हणाले, "मोठ्यानें वाचूं नका. टाका पेटींत." पेटीत टाकताना मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! आजींना हवं ते जवळजवळ साठ वर्षांनी कळणार होतं, आणि तेही माझ्या हस्ताक्षरात.

मंगळवारी पत्र आलं. आजींनी घेतलं, उघडलं, पाहिलं, घडी केली, आत गेल्या. दुपारी ताता पानावर बसले. घास घेईनात.

"पोचलें?"

"हं."

मी ताकाचं भांडं हातात घेऊन दारात उभी. मला काही समजेचना. ही बाई दगडाची आहे की काय? तातांनी हळूहळू भात कालवला, कालवतच राहिले. दोन दिवसांनी मला म्हणाले, "राग आला आहे. येणारच." मी म्हटलं, मी बोलू का आजींशी? त्यांनी हात वर केला. "नको. परत तिसरा माणूस नको." मग मी तरी कशी बोलणार? आणि नाही बोलले, याचं आज मला इतकं वाईट वाटतं की सांगून सोय नाही.

त्यानंतर त्यांनी मला पत्र सांगितलं नाही. महिन्याभरात ताप आला आणि नऊ दिवसांत गेले. शेवटी मुलगा, सून, नात सगळे खाटेभोवती होते. ताता म्हणाले, "अस्की?" मुलगा म्हणाला, अस्की आहेत अप्पा. मग त्यांनी आजींकडे तोंड वळवून ओठ हलवले. आवाज नव्हता, पण काय विचारलं ते सगळ्या घराला माहीत होतं. आजी म्हणाल्या, "हं."

तेरावा झाल्यावर एका दुपारी आजी माडीवर आल्या. पहिल्यांदाच. हातात काळी मिलिटरी ट्रंक, नातीने दुसरी कडी धरलेली. नातीला खाली पाठवून आजींनी ट्रंक उघडली. आंतर्देशीय पत्रांच्या चळती. वरची पाच बाजूला काढून माझ्यापुढे ठेवली.

"ह्यांत काय आहे तें मला वाचून दाखवा."

मी म्हटलं, "म्हणजे? तुम्ही वाचली नाहीत?"

"तुमचीं अक्षरें मला कुठें येतात?"

मी खालचं एक पत्र उचललं. तातांच्या हातचं. सगळं तमिळ लिपीत. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून मला आता थोडीफार तमिळ अक्षरं लागायची. एकेक अक्षर लावत गेले. कॉ-फी क-डू जा-ह-ली. अक्षर तमिळ, भाषा मराठी. त्या घरात मराठी अशीच लिहितात, पिढ्यान् पिढ्या, आणि तीन वर्षं त्या घरात राहून मला पत्ता नाही! पत्ता शिक्क्याचा होता, पत्र आडोशात असायचं, मी कधी आत पाहिलंच नव्हतं. ताता स्वतः फौजेत देवनागरी शिकले होते. त्यांना दोन्ही येत, म्हणून आजींना माझी अक्षरं येत नाहीत हे त्यांच्या ध्यानातच आलं नसेल. डोळ्यांना दिसत असतं तर एका नजरेत कळलं असतं. आणि तो बाक, तमिळ कारकुनाने वाचायचं, मराठी कारकुनाने ऐकायचं, तो आत्ता माझ्या डोक्यात उजाडला. कप्पाळ माझं!

"पण आजी, मला विचारायचं तरी!"

"मला वाटलें, मला कळूं नये म्हणूनच ह्यांनीं तुमच्या अक्षरांत लिहविलें. मग कसें विचारायचें? आणि पोचलें नाहीं तें पोचलें कसें म्हणूं?"

मी पाचवं पत्र उघडलं. वाचायला लागले. 'त्या वर्षीं पत्र घातलें नाहीं त्याचें कारण दुसरी कोणी नव्हे.' आजींनी एकदम हात वर केला. अगदी तातांसारखा. उठल्या, खाली गेल्या. मला वाटलं संपलं. पण चष्मा, पेन आणि तातांच्या गठ्ठ्यातलं एक कोरं पत्र घेऊन परत आल्या. दार लावलं. माझ्याकडे पाठ करून खिडकीच्या फळीवर कागद ठेवला.

"आतां सांगा. हळू."

मी एकेक वाक्य सांगत गेले आणि त्या आपल्या गोल गोल तमिळ अक्षरांत उतरवत गेल्या. केसांच्या वाक्यापाशी मी अडखळले. आजी मान वर न करता म्हणाल्या, "पुढें." खिशातल्या पत्रापाशी त्यांचं पेन थांबलं, मग चाललं. शेवटचं 'क्षमा कर' लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हें अस्की ते तुमच्यासमोर बोलले?"

"हो."

"मोठ्यानें?"

"भिंतीकडे तोंड करून. पण हो, मोठ्याने."

"अय्यो," आजी म्हणाल्या. मग कडांना डिंक लावला, पत्र बंद केलं, वर शिक्का मारला आणि माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, आजी, आता हे तुमच्याजवळच आहे की. "नाहीं," त्या म्हणाल्या. "पोस्टांतून येऊं दे. रविवारीं टाका."

रविवारी टाकलं. मंगळवारी पोस्टमन आला आणि रिकामा ओटा बघून घुटमळला. आजी पदराला हात पुसत बाहेर आल्या, पत्र घेतलं, आत गेल्या. मी त्या दिवशी बँकेत उशिरा जाते म्हणून कळवलं होतं. दुपारी पानं मांडली. स्वयंपाकघराच्या दारात मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "अस्की?" आजी भात वाढत होत्या. तातांच्या जागेपाशी आल्या, थांबल्या आणि रिकाम्या पाटाकडे बघून स्पष्ट, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"पोचलें."